हात स्टिअरिंगवर

शनिवार, ११ जानेवारी

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये आज माझ्या पिस्तूल-परवान्याच्या वर्गाची नवी तुकडी. माणसं अकरा, अक्कल दोघांपुरती. एकजण पिस्तूल घेऊन आला तो जेवणाच्या डब्यात, सँडविचच्या शेजारी. घरं विकणाऱ्या एका बाईने पहिलाच प्रश्न विचारला, कमरेला पिस्तूल अडकवायचं चामडी पाकीट जांभळ्या रंगात मिळतं का? मी म्हटलं, मिळतं, आणि ते लावणाऱ्या बायकांचे फोटो निधनवार्तांच्या पानावर छान उठून दिसतात. ती हसली नाही. शिकायला आलेल्यांना हसता येत नाही आणि रडू मात्र लगेच येतं.

दुपारनंतर माझा आवडता धडा. कपड्याखाली पिस्तूल आहे, खिशात परवाना आहे, आणि मागून पोलिसाची निळी बत्ती लागली. काय कराल? गाडी कडेला. इंजिन बंद. काच खाली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं दिसतील असे. पोलीस खिडकीशी आला की आधी तोंडाने सांगायचं: माझ्याकडे परवाना आहे, पिस्तूल अमुक जागी आहे, मी काय करू सांगा. तो सांगेपर्यंत काही उघडायचं नाही, काही काढायचं नाही, नाकसुद्धा खाजवायचं नाही. आमच्या नॉर्थ कॅरोलायनात हे आपणहून सांगणं कायद्याने बंधनकारक आहे. इतकं सोपं. तरी जांभळ्या पाकीटवालीने विचारलंच, "पण पोलिसाचा मूड खराब असला तर?"

"तर तो घरी जाऊन बायकोला सांगेल. तुम्ही हात हलवू नका."

वर्गात एकच माणूस कामाचा. लेलँड ब्रॉडनॅक्स, शाळेत उपमुख्याध्यापक. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, चर्चच्या गायनवृंदाचा प्रमुख, बोलतो ते प्रार्थना सांगितल्यासारखं. शाळेतून काढलेल्या एका मुलाचा बाप याच्या दारातल्या टपालपेटीवर गोळ्या झाडून गेला. पेटीची चाळण झाली. शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयाने त्याची नोंद 'खोडसाळपणा' अशी केली. म्हणून हा पिस्तूल घेणार. मला पटलं. तुकडीत हा एकटाच काळा माणूस. मी पुढची खुर्ची त्याच्यासाठी मोकळी ठेवली होती, पण हा जाऊन बसला दाराजवळ. हुशार माणसांनाही कुठे बसावं ते कळत नाही.

जाता जाता त्याने विचारलं, "मिस नदीन, तुम्हाला स्वतःला कधी थांबवलंय?"

"कितीदा तरी. मी गाडी हळू चालवत नाही."

"आणि पावती फाडली?"

"एकदाही नाही. कारण मी नीट सांगते."

 तो म्हणाला, "हं." एवढंच. शिक्षकांची ही वाईट सवय. 'हं' म्हणतात आणि दुसऱ्याला वाटतं आपण नापास.

शुक्रवार, ७ मार्च

ब्रॉडनॅक्सचा परवाना आला. तो सांगायला आला तर हातात वर्डेलने, म्हणजे त्याच्या बायकोने, केलेला पेकन पाय, अक्रोडासारख्या पेकनचा भाजलेला गोड पदार्थ. चव उत्तम. माझ्या हातच्यापेक्षा चांगली, पण हे कोणाला सांगायची गरज नाही.

त्यालाच विचारलं, माझ्या हाताखाली शिकवणार का? माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. नेमबाजीच्या लक्ष्याच्या कागदावरचं भोक दिसेनासं झालंय. डॉक्टर म्हणतो शस्त्रक्रिया करा. डॉक्टर माझ्या नातवापेक्षा लहान दिसतो आणि मला 'गोड आजी' म्हणतो. त्याच्या हातात सुरी द्यायची म्हणजे मला आधी झोपेच्या गोळ्यांचं पाकीट लागणार आहे.

लेलँड म्हणाला, "मी शिकवलेलं लोक ऐकतील का, मिस नदीन?"

"माझं ऐकतात. मी तर बाई आहे."

"तुम्ही इथल्या अर्ध्या पोलिसांना पिस्तूल धरायला शिकवलंय."

"मग? तुम्ही उरलेल्या अर्ध्यांच्या पोरांना बीजगणित शिकवलंय."

हसला. तयार झाला.

बुधवार, १९ मार्च

लेलँडला काल थांबवलं. संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन बसला. पँटच्या दोन्ही गुडघ्यांवर मातीचे डाग होते. हा माणूस चिखलातूनही इस्त्रीसकट बाहेर येतो, म्हणून मला ते लगेच दिसलं.

मागचा दिवा बंद होता म्हणे. कोणी परगावचा हायवे पोलीस. याने इंजिन बंद केलं, काच खाली केली, हात स्टिअरिंगवर ठेवले, आणि सांगितलं. 'पिस्तूल' हा शब्द तोंडातून निघाला आणि पुढचं वाक्य याला पूर्णच करता आलं नाही. बाहेर ओढला. रस्त्यावर पालथा. पिस्तुलातल्या गोळ्या एकेक करून गवतात फेकल्या. मग परवाना तपासला, खरा निघाला, आणि दिव्याबद्दल समज देऊन सोडलं.

"गोळ्या?" मी विचारलं.

"शोधल्या नाहीत. गवतात हात घालून बसणं बरं दिसलं नसतं."

मी त्याला स्पष्ट सांगितलं, तुम्ही काहीतरी चुकलात. सांगण्याची पद्धत असते. तुमचा आवाज घोगरा, वरून शाळेतला. समोरच्याला वाटतं हा आता आपल्याला वर्गाबाहेर काढणार. 'पिस्तूल' हा शब्द आधी का आणलात? आधी 'परवाना' म्हणायचं.

"आधी परवानाच म्हटलं."

"मग घाईत म्हटलं असेल."

त्याने ग्लासातला बर्फाचा गोड चहा संपवला, ग्लास खाली ठेवला, आणि म्हणाला, "असेल."

कोणी चूक कबूल केली की माझा जीव हलका होतो. शनिवारी सराव ठेवलाय.

शनिवार, २२ मार्च

हॉलच्या मागच्या मोकळ्या जागेत सराव. लेलँड त्याच्या गाडीत, मी पोलीस. हातात बॅटरी, डोक्यावर दिवंगत नवऱ्याची टोपी. चार वेळा थांबवला. पहिल्या वेळी आवाज जड. दुसऱ्या वेळी फार हळू, जणू चोरी कबूल करतोय. तिसऱ्या वेळी माझ्या डोळ्यांत पाहिलं, ते उर्मट वाटतं असं मी सांगितलं. चौथ्या वेळी पाहिलं नाही, तर मी म्हटलं, नजर चोरता कशाला?

"मग कुठे पाहू?" त्याने अगदी शांतपणे विचारलं.

 "माझ्या बिल्ल्याकडे पाहा," मी म्हटलं. माझ्याकडे बिल्ला नव्हता, तेव्हा त्याने स्वेटरच्या बटणाकडे पाहिलं.

मग त्याने एक विचित्र गोष्ट केली. गाडीतून उतरला, टोपी मागितली, आणि म्हणाला, "आता तुम्ही बसा." मी बसले. त्याने काचेवर टकटक केलं. मी म्हटलं, "काय आहे? मला उशीर होतोय." सवयीने गेलं तोंडातून. हात कुठे होते मला आठवतही नाही. एक बहुतेक केसांत होता.

लेलँड इतका हसला की त्याला गाडीला टेकावं लागलं. डोळे पुसले. मीही हसले. तो एवढं का हसला ते मला नीट कळलं नाही, पण त्याला हसताना पाहून बरं वाटलं. गेले चार दिवस त्याचं तोंड शोकसभेतल्यासारखं होतं.

मंगळवार, १ एप्रिल

डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. गोड आजी जिवंत आहे. डोळ्यावर प्लास्टिकची झाकणी, आणि काही आठवडे गाडी चालवायची नाही. मुलीने रॅलेहून फोन करून विचारलं, मी येऊ का? तिच्या आवाजात 'नको म्हण' स्पष्ट ऐकू येत होतं. नको म्हटलं. लेलँड न्यायला आणायला येणार आहे.

शनिवार, ५ एप्रिल

आज अक्षर वाकडं आलंय. रागाने, दुसरं काही नाही.

सकाळी लेलँड मला घेऊन निघाला, लक्ष्याचे कागद आणायला. पशुखाद्याच्या दुकानापुढच्या वळणावर मागे निळी बत्ती. वेग बरोबर होता, मी काट्याकडे पाहत होते. पाहते मी, दुसऱ्याच्या गाडीत बसले की.

लेलँडने सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. खरं तर माझ्या पुस्तकाहून चांगलं. इंजिन बंद, काच खाली, किल्ली काढून डॅशबोर्डवर ठेवली, हात वर स्टिअरिंगवर. "मिस नदीन, कृपा करून शांत बसा," असं म्हणाला. मला! मी शांत बसायची शिकवणी घेते.

आरशात पाहिलं तर आमचा ब्रँटली. ब्रँटली सोअर्स, शेरीफच्या हाताखालचा डेप्युटी. पोलिसात जाण्यापूर्वी माझ्या वर्गात होता. त्याला पिस्तूल धरायला मीच शिकवलं, आणि त्याआधी चर्चच्या रविवारच्या शाळेत नोहाच्या नौकेची गोष्टही. मी म्हटलं, काम झालं. हा दोन मिनिटांत सोडेल.

तो खिडकीशी आला. लेलँड म्हणाला, "नमस्कार साहेब. माझ्याकडे शस्त्र लपवून बाळगायचा परवाना आहे, पिस्तूल उजव्या कमरेला आहे. मी काय करू सांगा." सुरेख. आवाज हलका, नजर बिल्ल्यावर. मला अभिमान वाटला. म्हटलं, ब्रँटली आता गाडीचे कागद मागणार, तर काढून ठेवू, वेळ कशाला घालवा? माझ्या गुडघ्यांसमोरचा, कागद ठेवायचा कप्पा उघडायला गेले. तो अडकलेला. मी त्यावर मूठ मारली, तो धाडकन उघडला आणि आतलं सगळं माझ्या मांडीवर.

पुढचं मी नीट लिहिते, कारण हे नीट लिहायला हवं. ब्रँटलीने पिस्तूल काढलं. लेलँडच्या कपाळावर. बोट चापावर! चापावर! झाडायचं नक्की होईपर्यंत बोट चापाबाहेर, हे मी त्याला पहिल्या तासाला शिकवलंय. तो ओरडत होता, "हात! हात दाखव! हात हलवू नको!" दाखव की हलवू नको, एक काहीतरी सांग. लेलँडचे हात स्टिअरिंगवर होते. ते हललेच नव्हते. बोटं पसरलेली, दिसतील अशी.

मी ओरडले, "ब्रँटली सोअर्स, खाली कर ते आधी!"

त्याने माझ्याकडे पाहिलं, पिस्तूल तसंच ठेवून, आणि एकदम मऊ आवाजात विचारलं, "मॅम, तुम्ही ठीक आहात ना? या माणसाला ओळखता तुम्ही?"

डोळ्यावर झाकणी आहे म्हणून मी त्याला आजारी वाटले असणार. मी म्हटलं, "तुम्हा दोघांनाही मीच शिकवलंय, आणि तुझ्यावर वाया गेलं."

लेलँडला बाहेर काढलं. खडीवर गुडघ्यांवर बसवलं, बेड्या घातल्या. तो समोर रस्त्याकडे पाहत राहिला. पशुखाद्याच्या दुकानातून त्याच्या शाळेतल्या दोन मुली बाहेर आल्या आणि थबकल्या. तेव्हा मात्र त्याने मान खाली घातली.

मी गाडीतच बसून होते. माझी पर्स मांडीवर, पर्समध्ये माझं रिव्हॉल्वर, नेहमीप्रमाणे. ब्रँटलीने मला दार उघडून दिलं, उतरायला हात दिला, आणि पर्स खांद्याला अडकवून दिली.

सोमवार, ७ एप्रिल

शेरीफ यान्सीकडे गेले. त्याला म्हटलं, तुझी पोरं चापावर बोट ठेवतात, एखाद्या दिवशी शिंकेने माणूस मरेल. यान्सी माझ्या धाकट्या भावाच्या वर्गातला. मला खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि ब्रँटलीचा अहवाल वाचून दाखवला.

चालकाने पिस्तूल असल्याचं वेळेत सांगितलं नाही. चालकाचा हात समोरच्या कप्प्याकडे गेला. त्यामुळे डेप्युटीला जिवाची भीती वाटली. परवाना रद्द. माहिती लपवल्याचा ठपका. सहा मे रोजी न्यायाधीशांपुढे सुनावणी.

मी म्हटलं, "साफ खोटं! त्याचा हात हललाच नाही. कप्पा तर—"

आणि थांबले.

यान्सीने अहवाल मिटवून ठेवला. मग हसून म्हणाला, "मिस नदीन, तुमच्या डोळ्यावर झाकणी होती. तुम्हाला काय दिसलं, काय नाही, याची कोणी अपेक्षाच करणार नाही. तुम्ही या भानगडीत पडूच नका. तुमचा वर्ग छान चाललाय."

कॉफी पाणचट होती. मी ती सगळी प्यायले. का, ते माहीत नाही. रस्त्याने चालत येताना मनात ब्रँटलीलाच शिव्या देत होते. पण दर वेळी शिवी अर्ध्यावर आली की तो कप्पा धाडकन उघडायचा.

गुरुवार, १० एप्रिल

शाळेने लेलँडला सुनावणी होईपर्यंत घरी बसवलंय. त्याच्या घरी गेले. शेजारणीने सोडलं आणि ती गाडीतच थांबली, कारण तिला 'असल्या वस्तीत' उतरायचं नव्हतं. गाडीत बसायला अक्कल लागत नाही, उतरायला लागते, आणि तेवढी तिच्याकडे नाही.

वर्डेलने जाळीचं दार उघडलं नाही. जाळीतूनच बोलली. "ते झोपलेत."

"दुपारी?"

"रात्री झोप लागत नाही, मिसेस क्रचफील्ड."

आजवर ती मला मिस नदीन म्हणायची, सगळ्या ओळखीच्यांसारखी.

मी म्हटलं, "ब्रँटली असा नव्हता हो. घाबरट आहे, पण वाईट नाही."

"घाबरटच असतात ते. वाईट असते तर निदान आधी कळलं असतं." मग तिने विचारलं, "तुम्ही त्या दिवशी कुठे बसला होतात?"

"शेजारी."

"मग तुम्हाला दिसलं असेल कप्पा कोणी उघडला."

बाई स्वयंपाकघराचा टॉवेल हातात पिळत होती. मी म्हटलं, मी कागद काढत होते, मदत म्हणून. ती म्हणाली, "हो. लेलँडने सांगितलं मला. पण फक्त मला. वकिलाला सांगितलेलं नाही. म्हणतात, त्यांचं त्यांना सांगू दे."

हा असला थोरपणा मला अजिबात आवडत नाही. माणसाने सरळ भांडावं. थोरपणा दाखवणारी माणसं दुसऱ्याच्या घरात आपलं सामान ठेवून जातात, आणि ते उचलायला येत नाहीत.

रविवार, ४ मे

चर्चमध्ये ब्रँटली पुढच्या बाकावर होता. बायको, तान्हं पोर. माझ्याकडे वळून हसला. त्याच्या मानेवर केस कापल्याचा ताजा पांढरा पट्टा. त्याच्या लहानपणी हीच मान पकडून मी त्याला रांगेत उभं केलंय.

परवाच्या सुनावणीबद्दल विचार करते. मी सांगितलं तर काय होईल? शिकवण्याचा परवाना जाईल कदाचित. त्यापेक्षा हसतील, हे वाईट. जी बाई लोकांना नाक खाजवू देत नाही, तिने पोलीस खिडकीत उभा असताना कप्प्यावर बुक्की मारली. सगळ्या काउंटीला वर्षभर पुरेल एवढी करमणूक.

आणि न सांगितलं तर? यान्सीने वाट करून दिलीच आहे. झाकणी होती. म्हातारी आहे. म्हातारी म्हणवून घेणं एवढं सोयीचं असतं हे मला आजवर माहीत नव्हतं.

मंगळवार, ६ मे

सुनावणी.

न्यायाधीश बाई माझ्याहून तरुण, चष्मा नाकाच्या टोकावर. आधी ब्रँटली. "चालकाचा हात खाली गेला, मॅडम. मला कप्पा उघडल्याचा आवाज आला." खोटं बोलत होता असं वाटलंच नाही. त्याला तसंच आठवत होतं. मला त्याचा तिरस्कार करायचा होता, आणि या मूर्खाने तेवढंही नीट करू दिलं नाही.

मग मला बोलावलं. वकील लेलँडचाच. त्याने विचारलं, श्री. ब्रॉडनॅक्स यांचे हात कुठे होते?

"स्टिअरिंगवर. पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि त्यांनी पिस्तुलाचं सांगितलं होतं, कोणी विचारायच्या आधी. जसं सांगायला हवं तसं. मी शिकवते ते, मला कळतं."

"मग कप्पा?"

"मी उघडला. न विचारता. मूठ मारून."

खोलीत कोणीतरी खुसखुसलं. मला वाटलं होतं तसंच. मग मला इतका राग आला की पुढचं मी ठरवलेलं नव्हतं, तेही बोलले. "आणि मॅडम, पिस्तूल बाळगून ते न सांगणारा माणूस शोधत असाल, तर त्या गाडीत तसा एकजण होता. माझ्या पर्समध्ये भरलेलं रिव्हॉल्वर होतं. मला कायद्याने सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. डेप्युटी सोअर्सने पर्स माझ्या खांद्याला अडकवून दिली."

आता मात्र सगळी खोली हसली. न्यायाधीश बाईही ओठ दाबून हसल्या. यान्सी गुडघ्यावर हात मारत होता. ब्रँटलीचे कान लाल झाले, पण हसला तोही. लेलँड आणि वर्डेल हसले नाहीत.

मी म्हटलं, "मी विनोद केलेला नाही. माझ्यावर ठपका ठेवा. माझा परवाना रद्द करा."

"मिसेस क्रचफील्ड," न्यायाधीश बाई म्हणाल्या, "आज तुमची सुनावणी नाही. बसा तुम्ही. पाणी हवंय का?"

पाणी!

लेलँडचा परवाना परत मिळाला. ठपका पुसला. शाळा त्याला सोमवारपासून परत घेणार म्हणते. ब्रँटलीला कोणी काही विचारलं नाही. अहवालात 'गोंधळाची परिस्थिती' असं लिहिलं जाईल.

बाहेर पायऱ्यांवर मी लेलँडला गाठलं. मला वाटलं होतं तो हात मिळवेल. मिळवलाही. मग म्हणाला, "मी पिस्तूल विकतोय, मिस नदीन. वर्गालाही येणार नाही."

मी भडकले. "म्हणजे तो टपालपेटीवाला जिंकला! उद्या तो दारात आला तर काय करणार, भजन म्हणणार?"

"मला दोघांची भीती आहे," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "त्याची आणि यांची. त्याच्यासाठी तयारी केली की यांच्या हाती सापडतो. यांच्यासाठी तयारी केली की त्याच्या. महिनाभर घरी बसून हाच हिशेब करत होतो. तुम्हाला सुटतोय का, सांगा."

मला सुटला नाही. म्हणून मी म्हटलं, "मी आत सगळं खरं सांगितलं. स्वतःवर ठपका मागितला. त्यांनी दिला नाही, त्याला मी काय करू?"

"हो. तुम्हाला त्याचं वाईट वाटतंय, दिसतंय मला." त्याने वर्डेलसाठी गाडीचं दार उघडलं. "पण ते वाईट वाटणं घेऊन माझ्याकडे येऊ नका. मला आता दुपारी झोपायचं नाहीये. मुलांच्या परीक्षा आल्यात."

गेले. मी बसथांब्यावर चाळीस मिनिटं उभी. आमच्या काउंटीतली बससेवा एखाद्या कासवाने आखलेली आहे.

शनिवार, २४ मे

डॉक्टरने गाडी चालवायला परवानगी दिली. आज वर्ग नाही. घेतलाच नाही. दाराला कागद चिकटवला, 'वर्ग रद्द'. कारण लिहिलं नाही.

ट्रक घेऊन बाहेर पडले. डोळा इतका स्वच्छ दिसतोय की लोकांच्या अंगणातला गचाळपणा लांबून मोजता येतो. पशुखाद्याच्या दुकानापुढच्या वळणावर मी वेगात होते. मुद्दाम नाही. निदान सुरुवातीला मुद्दाम नाही.

निळी बत्ती. ब्रँटली.

मी इंजिन बंद केलं नाही. काच अर्धीच खाली केली. हात मांडीवर. तो आला, छपरावर कोपर टेकवला, आणि आत वाकून म्हणाला, "मिस नदीन, काय हे! डोळा बरा झाला वाटतं?"

"माझ्या पर्समध्ये रिव्हॉल्वर आहे. मी तुला आधी सांगितलं नाही."

"तुमच्या पर्समध्ये कधी नसतं, मॅम?" तो हसला. "अजून रागावलात का माझ्यावर? बायको म्हणते, तुम्ही चर्चमध्ये बघतही नाही."

"ब्रँटली, त्या दिवशी तू खरंच घाबरला होतास?"

हसू गेलं. खाली पाहून बुटाने खडी सरकवत म्हणाला, "हो मॅम. फार.  घरी जाऊन उलटी झाली."

"कशाला घाबरलास?"

"कप्प्याचा आवाज आला ना."

"कप्पा मी उघडला."

"हो, कळलं ते. कोर्टात."

"कोर्टात नाही. तू खिडकीत उभा होतास. माझा हात तुला दिसत होता. मग पिस्तूल माझ्यावर का नाही रोखलंस?"

मी काहीतरी गंमत केली असं वाटून तो हसला. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गोंधळला. कान लाल झाले. विचार करताना लहानपणी व्हायचे तसेच. खरंच विचार करत होता बिचारा, प्रामाणिकपणे, उत्तर कुठेतरी असेल म्हणून शोधत होता.

"तुमच्यावर?" तो म्हणाला. "मिस नदीन, तुमच्यावर कशी रोखेन मी?"

 तोंडात एवढ्या शिव्या होत्या, एकही त्याला बसेना.

"पावती फाड," मी म्हटलं. "मी वेगात होते."

"जाऊ द्या हो."

"फाड म्हणते ना!"

"हळू चालवा फक्त," तो म्हणाला, आणि दोनदा ट्रकच्या दारावर थोपटलं, म्हाताऱ्या घोड्याला थोपटावं तसं. मग रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला, हात वर केला, आणि मला नीट वळवून घेता यावं म्हणून मागून येणारी सगळी वाहनं थांबवून धरली.